स्कॅन्डिनेव्हियन बोर्ड म्हणजे सलामीवर खोचलेला शेपू नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मित्रमंडळींसाठी 'स्कॅन्डिनेव्हियन स्टाइल' शार्कुटरी बोर्ड (मांस, चीज वगैरे मांडलेली फळी) कसं लावायचं यावर पानभर लेख आला होता, माझ्या बहिणीने पुण्याहून त्याचा फोटो पाठवला आणि मी तो इथे गोथेनबर्गला बसून नीट वाचला. सगळ्यांनी एका फळीभोवती बसून गप्पा मारत थोडं थोडं खायचं ही कल्पना मला मनापासून आवडते, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या फोटोतल्या फळीवर होतं काय तर सलामी, प्रोशुतो, ब्री चीज, हिरवे ऑलिव्ह, काळी द्राक्षं आणि वरून खोचलेल्या शेपूच्या काड्या. यातला शेपू सोडला तर एकही वस्तू इकडची नाही हो. सलामी-प्रोशुतो इटलीचं, ब्री फ्रान्सचं, ऑलिव्हचं झाड या थंडीत उभंसुद्धा राहत नाही. आणि मासा? अख्ख्या फळीवर माशाचा एक तुकडा नाही, स्कॅन्डिनेव्हियाच्या नावाने लावलेल्या बोर्डावर मासा नाही हे मला फार खटकलं, आणि लेखात शेवटी एक सल्ला दिलाय तो तर चक्क धोक्याचा आहे, त्याबद्दल शेवटी लिहितेच.

मी इथे बरीच वर्षं राहते, आता गाड्यांच्या आणि आयटी कंपन्यांमुळे पुण्या-मुंबईची कितीतरी मराठी कुटुंबं या गावात आहेत, आम्ही इथल्या लोकांच्या घरी जेवायला जातो, त्यांना आमच्याकडे बोलावतो, त्यामुळे त्यांचं टेबल कसं लागतं हे जवळून बघितलंय. आणि एकच गोष्ट सांगायचीय की त्यांच्या टेबलाला क्रम आहे. सगळं एका फळीवर गच्च भरून फोटो काढायचा ही त्यांची पद्धतच नाही. आधी व्हिनेगरमध्ये मुरवलेलं हेरिंग (तारलीच्या गोतातला मासा), मग बाकीचे थंड मासे, मग थंड मांस, मग काही गरम असेल तर ते, आणि शेवटी गोड, चीज कुणी हेरिंगसोबतच घेतं, कुणी शेवटी. आपण ताट वाढताना जसं मीठ-लिंबू-लोणचं-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, हे कुणी सांगावं लागत नाही, हात आपोआप तिकडे जातो, तसंच इथल्या माणसाचं हेरिंगच्या बाबतीत असतं. हेरिंगच्या ताटलीत कुणी मांस घेतलं तर बोलणार कोणी नाही, पण ताटली बदलून घ्या असं हळूच सुचवतात, कारण हेरिंगचं आंबट-गोड पाणी पुढच्या सगळ्या चवी मारून टाकतं.

आता हे हेरिंगच का, तर त्याला इतिहास आहे आणि तो या किनाऱ्यावर अक्षरशः पसरलेला आहे. मध्ययुगात दक्षिणेकडच्या स्कोने प्रांताच्या टोकाला, स्कानोर आणि फाल्स्टेर्बोला (तेव्हा तो भाग डेन्मार्कचा होता) हेरिंगचा केवढा तरी मोठा बाजार भरायचा, जर्मनीतल्या ल्युबेकचे व्यापारी ल्युनेबर्गचं मीठ घेऊन यायचे आणि खारवलेल्या हेरिंगची पिंपं भरून अर्ध्या युरोपात न्यायचे. आमच्या गोथेनबर्गच्या उत्तरेला बोहुसलेनचा खडकाळ किनारा आहे, तिथे १७४७ ते १८०९ या काळात हेरिंग इतकं आलं की लोकांना खाऊन संपेना, मग ते उकळून त्याचं तेल काढायला लागले आणि ते दिव्यांसाठी परदेशी विकायचे. आणि मग अचानक मासा यायचा बंद झाला, गावंच्या गावं ओस पडली. म्हणजे हेरिंग या लोकांसाठी भरभराट पण आहे आणि उपासमार पण आहे. लांब हिवाळा, ताजं काही उगवत नाही, म्हणून जे काही मिळेल ते मिठात, धुरात, व्हिनेगरमध्ये नाहीतर साखरेत टिकवायचं, इकडच्या बोर्डावरची जवळजवळ प्रत्येक वस्तू अशीच बेगमीतून आलेली आहे, आणि हे एकदा डोक्यात बसलं ना की बोर्डावर काय ठेवायचं आणि काय नाही ते कुणाला विचारावं लागत नाही.

शार्कुटरी हा मूळ फ्रेंच खाटकांच्या दुकानातला प्रकार, डुकराच्या मांसाचे सॉसेज, पाटे (वाटलेल्या मांसाचा प्रकार) वगैरे. स्वीडनमध्ये त्याच्या जवळचं जे आहे ते म्हणजे जेवणाआधी बाजूच्या छोट्या टेबलावर पाव, लोणी, चीज, हेरिंग आणि दारूचे छोटे ग्लास मांडून ठेवायचे, पाहुणे उभ्या उभ्या घ्यायचे. त्यातूनच पुढे ते मोठं स्मोर्गोसबोर्ड झालं जे १९३९ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड फेअरमध्ये स्वीडनच्या मंडपात लागलं आणि जगभर माहीत झालं. नंतर तूरे व्रेतमान नावाचे मोठे शेफ होऊन गेले (१९१६ ते २००३), त्यांनी हे टेबल परत मानाला आणलं आणि पाच फेऱ्यांचा क्रम लोकांच्या मनावर ठसवला, प्रत्येक फेरीला नवीन ताटली. आज घरोघरी एवढं कोणी करत नाही पण नाताळचं टेबल लागलं की हाच क्रम, मिडसमरला (जूनमधला इथला मोठा सण) तर हेरिंग, उकडलेले नवे बटाटे, आंबट साय आणि बारीक चिरलेली चाइव्ह्ज याशिवाय पान हलत नाही.

तर सहा-आठ जणांसाठी घरी लावायचं असेल तर माझं म्हणणं असं की सुरुवात फळीपासून करूच नका, पाव आणि लोण्यापासून करा. राय नावाच्या धान्याचा पाव इथला पाया आहे (आपली राई म्हणजे मोहरी नव्हे, हे वेगळं धान्य). स्वीडनमध्ये त्याचं पातळ, कडक, खरपूस क्नेकेब्रोद होतं, जुन्या काळी मध्ये भोक पाडून त्याच्या चकत्या काठीत ओवून छताखाली टांगून ठेवायचे, वर्षातून मोजक्या वेळा भाजायचे आणि महिनोन् महिने खायचे. वासा कंपनी १९१९ पासून हेच करते, तिचा पाव भारतातही काही दुकानांत दिसतो. डेन्मार्कमध्ये मात्र काळा, ओलसर, दाण्यादाण्याचा राय पाव, त्याच्या पातळ स्लाइसवर काठापर्यंत लोणी आणि वर मासा नाहीतर मांस, ते सुरी-काट्याने खातात, हातात धरून नाही. लोण्यात कंजुषी करू नका. लोणी नुसतं चवीला नसतं, वरच्या ओल्या पदार्थाने पाव भिजू नये म्हणून तो थर असतो. खारवलेलं लोणी बाहेर काढून मऊ होऊ द्या.

हेरिंग लाकडी फळीवर कधीच ठेवू नका, काचेच्या किंवा चिनी मातीच्या छोट्या वाट्यांमध्ये ठेवा. दोन प्रकार पुरे, एक साधं व्हिनेगरमधलं आणि एक मोहरीच्या सॉसमधलं. साध्याचं प्रमाण इथल्या लहान मुलालाही पाठ असतं, एक भाग इथलं १२ टक्क्यांचं व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी, हे उकळून पूर्ण गार करायचं, मग त्यात लाल कांद्याच्या चकत्या, गाजर, तमालपत्र, ऑलस्पाइसचे दाणे आणि रात्रभर पाण्यात ठेवून खारटपणा काढलेले खाऱ्या हेरिंगचे तुकडे, दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये. लक्षात घ्या, मासा आधी मिठात नीट मुरलेला असतो, ताजा मासा थेट या पाण्यात टाकत नाहीत. आपल्याकडचं व्हिनेगर साधारण ४-५ टक्क्यांचं असतं त्यामुळे तेच प्रमाण तसंच्या तसं लावलं तर पाणी फार सौम्य होईल, तिथे पाण्याच्या जागीही बहुतेक व्हिनेगरच घाला.

मग दुसऱ्या फेरीत ग्रावलाक्स. सामन माशाचे कातडीसकट दोन तुकडे, किलोभर माशाला साधारण अर्धा डेसिलिटर (५० मिली) मीठ आणि तेवढीच किंवा थोडी जास्त साखर, जाडसर कुटलेली पांढरी मिरी आणि शेपूची मोठी जुडी. होय, आपला शेपूच, ज्याच्या भाजीवरून आपल्या घराघरात दोन पार्ट्या असतात. इकडे तो कधी शिजवून भाजी करत नाहीत, कच्चा घालतात, त्यामुळे वास हलका आणि जरा गोडसर लागतो. मांसाची बाजू एकमेकांवर येईल असे तुकडे ठेवून मध्ये मसाला, वरून थोडं वजन आणि फ्रीजमध्ये दोन दिवस, मधून मधून उलटायचं. जुन्या काळी मासा जमिनीत पुरून आंबवायचे, आता तसं काही नाही, मीठ आणि साखर पाणी ओढून घेतात आणि मासा घट्ट, चमकदार होतो. पातळ तिरके काप काढायचे, आणि सोबत मोहरी, साखर, व्हिनेगर, थेंब थेंब तेल आणि शेपूचा सॉस. माणशी ५०-६० ग्रॅम पुष्कळ होतं. त्याच्या बाजूला धुरावलेला बांगड्याच्या जातीचा मॅकरेल, उकडलेल्या अंड्याची अर्धी फोड आणि त्यावर गाबोळी. गाबोळीत सगळ्यात वरची म्हणजे कालिक्सची, बाल्टिक समुद्राच्या अगदी वरच्या टोकाची, नारिंगी, बारीक दाण्याची, तिला २०१० मध्ये युरोपियन युनियनचं मूळ ठिकाणाशी बांधलेलं संरक्षित नाव (पीडीओ) मिळालं, त्या प्रकारातलं स्वीडनचं ते पहिलंच. पण ती महाग. रोजच्या घरात कॉडच्या धुरी दिलेल्या गाबोळीची निळी ट्यूब असते, काल्लेस, १९५४ पासूनची, अंड्यावर पिळून खातात आणि त्यात कमीपणा काही नाही, मी तर मुलांच्या डब्यात पण देते.

मांसाची फेरी माशांनंतर आणि छोटी, तुमच्या लेखात नेमकं उलटं होतं. इथे तीन देशांचं एकेक ठेवलं तरी पुरे. डेन्मार्कचं लेवरपोस्टाय, म्हणजे पोर्क लिव्हरचं भाजलेलं पाटे, ते कोमट द्यायचं आणि वर लोणच्यातलं बीट किंवा काकडी. नॉर्वेचं फेनालोर, म्हणजे मिठात मुरवून कित्येक महिने वाळवलेली मेंढीची मांडी, कागदासारखे पातळ काप, आपल्यातल्या जे पोर्क खात नाहीत त्यांच्यासाठी हे उत्तम. आणि उत्तरेचं सुओवास, खारवून थोडी धुरी दिलेलं रेनडिअरचं मांस. हे सामी लोकांचं, म्हणजे इथल्या उत्तरेतल्या मूळ रहिवाशांचं अन्न आहे, स्वीडनमध्ये रेनडिअर पाळण्याचा हक्क कायद्याने सामी लोकांकडे आहे, त्यांची स्वतःची भाषा, स्वतःची जमीन-जंगलाची लढाई आहे, तेव्हा बोर्डावर ते ठेवलं तर पाहुण्यांना ते कुणाचं आहे एवढं तरी सांगावं असं मला फार वाटतं. नुसतं 'नॉर्डिक डेलिकसी' अशी चिठ्ठी लावून मोकळं होऊ नये.

चीज सुरीने ठोकळे करून ठेवतात ते इकडे दिसत नाही. टोर ब्योर्कलुंड नावाच्या नॉर्वेच्या सुताराने लाकडाच्या रंध्यावरून चीज कापायचं पातं बनवलं आणि १९२५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून प्रत्येक घरात ते असतंच, अख्खा तुकडा टेबलावर ठेवायचा आणि ज्याने त्याने पातळ पापुद्रा काढून घ्यायचा. वाटून खाण्याची मजा तिथेच आहे. स्वीडनचं वेस्टरबोत्तेन चीज ठेवा, १८७२ पासून बुर्त्रेस्क या एकाच गावात बनतं, किमान १४ महिने मुरवतात, दाणेदार आणि किंचित कडसर. आणि नॉर्वेचं तपकिरी ब्रूनोस्ट, ते चीज काढल्यावर उरलेली निवळी तासन् तास आटवून करतात, दुधातली साखर करपत करपत तपकिरी होते. गुड्ब्रान्ड्सडालच्या आन्ने होव या बाईने १८६३ मध्ये त्यात क्रीम घालायला सुरुवात केली आणि आजचं ब्रूनोस्ट तिथून आलं. आपल्या लोकांना पहिल्या घासाला नवल वाटतं आणि मग तेच सगळ्यात आधी संपतं. पण ते खारट मांसाच्या बाजूला ठेवू नका, शेवटी गोडाबरोबर ठेवा, लिंगोनबेरी किंवा क्लाउडबेरीच्या जॅमसोबत. लिंगोनबेरी न शिजवता नुसती साखरेत घोटली तरी टिकते कारण त्या फळातच बेन्झोइक अ‍ॅसिड असतं. आणि स्वीडन-नॉर्वेत जंगलातली लिंगोनबेरीसारखी फळं कुणीही तोडून आणू शकतं, सगळ्यांना तो हक्क आहे, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बादल्या घेऊन अख्खी कुटुंबं जंगलात असतात, आमची मराठी मंडळीसुद्धा.

आता शाकाहारी पाहुणे. आपल्या कुठल्याही ग्रुपमध्ये दोन-चार जण असतातच आणि त्यांना त्याच फळीवरचं 'बाजूचं' खा म्हणणं बरोबर नाही, सगळ्याला माशाचा वास आणि एकच सुरी फिरते. त्यांची फळी वेगळी लावा, सुरी वेगळी. त्यावर बिटाची सॅलड, लोणच्यातली काकडी, लोण्यात परतलेले मश्रूम, उकडलेले बटाटे आंबट सायीबरोबर, अंडं चालत असेल तर अंडं, क्नेकेब्रोद, जॅम. चीज घेताना पाकिटावर रेनेट (दूध साकळायला घालतात ते) कुठलं आहे ते वाचा, इकडची बरीच जुनी चीज वासराच्या रेनेटची असतात, काटेकोर शाकाहारी माणसाला ते सांगायला हवं. ही फळी मांसाच्या फळीइतकीच भरलेली दिसली पाहिजे.

पुण्या-मुंबईत खरं हेरिंग मिळणं कठीण, हे मला मान्य आहे. त्याच्या जवळच्या गोतातली आपली तारली, पण म्हणून ताजी तारली आणून वरच्या पद्धतीने कच्ची मुरवायला जाऊ नका. तारली, बांगडा हे मासे उबेत थोडे जास्त राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं आणि ते मग शिजवूनही जात नाही. तिकडे सरळ बांगडा साफ करून मिठाच्या पाण्यात ठेवून धुरावर पूर्ण शिजवा, गार करा, काटे काढा, वर मोहरीचा सॉस आणि शेपू. ते अस्सल नसलं तरी त्या टेबलाच्या वृत्तीला धरून आहे, सलामी नाही. आणि फळी तासाभरापेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका, आपल्याकडचं तापमान इकडचं नाही, वाट्या बर्फाच्या ताटात ठेवा आणि थोडं थोडं आणत राहा.

आता ज्यासाठी मुद्दाम पत्र लिहायला बसले ते. आपल्या लेखात म्हटलंय की सामन नसेल तर बाजारातला ताजा रावस आणून मीठ-साखर लावून काही तास ठेवला की ग्रावलाक्स तयार. कृपा करून हे दुरुस्त करा. रावसाला इंग्रजीत इंडियन सामन म्हणत असले तरी त्याचा सामनशी काही संबंध नाही, तो समुद्रात आणि खाडीत पकडलेला जंगली मासा आहे, आणि मीठ-साखरेने माशातले जंत मरत नाहीत. युरोपात कच्चा खायचा जंगली मासा आतपर्यंत उणे २० अंशाला किमान २४ तास गोठवलेला असावा असा नियम आहे, घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ ला किमान तीन दिवस ठेवा असा स्वीडनच्या अन्न खात्याचा सल्ला आहे. शेततळ्यासारख्या जाळ्यात वाढवलेल्या नॉर्वेच्या सामनला यातून सूट मिळते कारण त्याचं खाद्य नियंत्रित असतं, रावसाला तसं काहीच नाही. शिवाय गोठवल्याने जंत मरतात, लिस्टेरिया नावाचे जिवाणू मरत नाहीत, म्हणून गरोदर बायकांनी आणि सत्तरीच्या पुढच्यांनी ग्रावलाक्स आणि थंड धुरावलेला मासा टाळावा असं इथे स्पष्ट सांगतात. आपला पेपर घरोघरी जातो, डोहाळजेवणाच्या नाहीतर आजी-आजोबांच्या वाढदिवसाच्या टेबलावर कुणीतरी तो लेख बघून हे करेल. तेव्हा येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर, रावसाची ती ओळ मागे घेतल्याचं छापावं ही कळकळीची विनंती. ग्रावलाक्सची कृती हवी असेल तर वर दिलेली तशीच वापरा, माझं नाव घालायची गरज नाही.

आपली,
एक वाचक
गोथेनबर्ग, स्वीडन